पोचा दिसेना

मॉनिटरवर पोचा दिसत नव्हता. टेबलावर फ्रिजच्या दाराचा पांढरा पत्रा होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात नाण्याएवढा पोचा होता हे मला नक्की माहीत होतं, कारण मी बोट फिरवून पाहिलं होतं. पण कॅमेऱ्यात पत्रा कोऱ्या कागदासारखा सपाट. माझे दोन लाइट चालू होते. मी तिसरा लावला. पोच्याची होती नव्हती ती खूणही गेली.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. आमच्याकडे फ्रिजच्या दारांचे पत्रे दाबून, रंगवून तयार होतात. शेवटच्या टेबलावर इन्स्पेक्शन होतं. म्हणजे एक माणूस प्रत्येक पत्रा नजरेखालून घालतो आणि पोचा किंवा ओरखडा असलेला बाजूला काढतो. हा माणूस म्हणजे म्हात्रे काका. इथलेच, जवळच्या गावातले. वीस वर्षं त्याच टेबलावर. त्यांच्या हातून गेलेला पत्रा परत आला असं कधी होत नसे.

गेल्या चार महिन्यांत ते होऊ लागलं होतं. कस्टमरकडून पोचे असलेले पत्रे परत येत होते. प्लांट हेड देसाई सरांनी निष्कर्ष काढला की काकांचे डोळे गेले. काकांना स्टोअरमध्ये हलवायचं ठरलं. त्याआधी त्यांच्या कामाची एक ट्रेनिंग फिल्म करून ठेवायची होती, नवीन लोकांसाठी. माझ्याकडे सेकंडहँड कॅमेरा आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी शॉर्ट फिल्म करते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून काम माझ्याकडे आलं.

शॉर्ट फिल्म करते म्हणजे काय, तेही सांगते. आम्ही कोपरखैरण्याचे. वडील लातूरकडच्या गावातून येऊन तुर्भ्याला एका फॅक्टरीत लागले. घरात सिनेमाशी कुणाचा संबंध नाही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि फिल्म मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. पहिली फिल्म खांदेश्वर स्टेशनबाहेर केली. ती बघून मैत्रीण म्हणाली, सीसीटीव्हीचं फुटेज वाटतंय. मला कारण कळलं नाही. सगळ्यांचे चेहरे तर स्वच्छ दिसत होते. अंधार कुठे राहू नये म्हणून मी केवढी खटपट केली होती. मग मी आणखी एक लाइट घेतला.

तोच तिसरा लाइट आता मी पत्र्यावर मारत होते.

काका शेजारी उभे होते. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. डॉक्टरांनी तपासून नंबर फारसा बदललेला नाही असं सांगितलं होतं, तरी त्यांनी हट्टाने नवा करून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

जेवणाची सुट्टी झाली. आमच्याकडे सुट्टीत हॉलचे लाइट बंद करतात. मी माझेही दोन बंद केले. तिसऱ्याचा स्टँड हलत होता, म्हणून तो काढून मी बाजूच्या स्टुलावर ठेवला होता. तो चालूच राहिला. डबा उघडायच्या आधी सहज मॉनिटरकडे पाहिलं.

पोचा दिसत होता. एका कडेला काळी कोर, दुसऱ्या कडेला चमक.

मी लाइट उचलून पत्र्याच्या डोक्यावर धरला. पोचा गेला. पुन्हा स्टुलाइतका खाली, कडेला आणला. आला. मी चार-पाच वेळा वरखाली केलं. जेवायचं राहूनच गेलं. खड्डा डोळ्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. उजेड वरून, सगळीकडून सारखा आला की सावली पडायला जागाच राहत नाही. माझ्या फिल्ममधले चेहरे सीसीटीव्हीसारखे सपाट का दिसत होते, तेही मला तिथेच, त्या पत्र्यावर कळलं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मी वर पाहिलं. हॉलच्या छताला नवे एलईडी पॅनेल होते. ओळीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

काका डबा खात होते. हे लाइट कधी बसवले, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, चार महिने झाले. त्याआधी टेबलाच्या बाजूला खाली एक लांब ट्यूबलाइट होती. पत्र्यात तिची सरळ रेघ दिसायची. जिथे रेघ वाकडी, तिथे पोचा. नव्या लाइटनंतर ट्यूब काढून टाकली.

"मग तुम्ही सांगितलं का नाही, काका?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "साहेबांनी येवरा उजेड लावून दिला. त्यात मना दिसत नाय, असा सांगू कसा, पोरी? मनाच वाटला, माजे डोले गेले."

मी डबा तसाच ठेवला आणि परत आलेले पत्रे काढायला गेले.

देसाई सरांना मी संध्याकाळी हॉलमध्ये बोलावलं. ते लाइट त्यांनी स्वतः निवडले होते, त्यामुळे मी शब्द जपून वापरत होते. त्यांना सांगितलं की परत आलेले सहा पत्रे मांडलेत, पोचे तुम्हीच शोधा. सरांना एक सापडला. बाकीचे चांगले आहेत म्हणाले. मी मेन लाइट बंद केले आणि कडेचा एक लावला. सर वाकले. एकेका पत्र्यावर बोट ठेवत पुढे गेले. शेवटचा पत्रा संपल्यावर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं.

"तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतंय?"

काकांनी चष्मा काढला. सरांनी जिथे बोट ठेवलं नव्हतं तिथला, तिसऱ्या पत्र्याच्या कडेचा एक बारीक पोचा दाखवला. सरांनी हात फिरवून बघितला. होता.

सरांनी माफी वगैरे मागितली नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. इन्स्पेक्शनच्या टेबलावरचे पॅनेल निघाले, टेबलाला तीन बाजूंनी काळं पार्टिशन झालं आणि आत जुन्या पद्धतीने एक ट्यूब बसली. स्टोअरच्या बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. परत येणारे पत्रे थांबले. ट्रेनिंग फिल्म मी त्याच एका ट्यूबवर शूट केली. काकांचा अर्धा चेहरा अंधारात आहे आणि ते पत्र्याकडे बघताहेत, असा एक शॉट तिच्यात आहे. माझ्या हातून झालेला तो पहिला बरा शॉट.

पुढच्या महिन्यात कस्टमरचा ऑडिटर आला. त्याने पार्टिशनच्या आत डोकावून रिपोर्टमध्ये लिहिलं: इन्स्पेक्शनच्या जागी उजेड अपुरा आहे. त्याला समजावता समजावता अर्धा दिवस गेला. आता कुणीही ऑडिटला आलं की चहाच्या आधी फिल्म लावतो. उजेड कमी का ठेवलाय, हे आधी दाखवलं तर पद्धत वाटते. विचारल्यावर सांगितलं तर सबब.