आई पोहायला निघाली

शनिवारी सकाळी कोल्हापूर सोडले तेव्हा आईने मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. बाबांना जाऊन वर्ष झाले होते. वर्षभरात तिने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. त्यामुळे "मला एकदा माहेरच्या घाटावर ने," असे ती म्हणताच मी गाडी काढली. पुढे मी आणि माझी बायको वैशाली, मागे आई आणि आमची मुक्ता.

"पिशवीत काय गं आजी?" मुक्ताने विचारले.

"जुनं लुगडं आणि टॉवेल. पोहायचंय मला."

मी आरशातून मागे पाहिले. सत्तरी ओलांडलेली आई शांतपणे खिडकीबाहेर बघत होती. तिला पोहता येते, हे मला आजवर माहीतच नव्हते.

जयसिंगपूर मागे पडले आणि शिरोळच्या रस्त्यावर आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. घाई नडली. मी गाडी कडेने काढायला गेलो आणि चाक चिखलात रुतले. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, त्याने मागून जोर लावला आणि गाडी वर काढली.

"गडबड कशाला पावणं? रस्ता काय पळून जातुय व्हय?" असे म्हणून त्याने मुक्ताच्या हातात उसाचे कांडे दिले.

"माझ्या माहेरची माणसं हायत ही," आई अभिमानाने म्हणाली. गाव जवळ येऊ लागले तशी तिची भाषाही माहेरी निघाली होती.

कुरुंदवाडच्या घाटाच्या काळ्या पायऱ्या आई माझा हात न धरताच उतरली. समोर कृष्णेचे रुंद, संथ पाणी होते आणि पलीकडे गाळाच्या जमिनीची हिरवीगार मळई. "हितनं उड्या मारायचो आम्ही. पैलतीराला जी शेवटी पोचंल तिनं सगळ्यांची धुणी धुवायची."

"मग पोहणं सोडलंस कधी?"

"लग्न झालं की रं."

"कोल्हापुरात पंचगंगा होती की."

"नदी हुती. सुनंला पवायला कोण सोडतंय?"

ती पाण्यात पाय घालणार तोच जाळे विणत बसलेला माणूस ओरडला, "आज्जी, मागं फिरा! मगर दिसलीया हिकडं!"

आई थबकली. थोडा वेळ पायरीवर बसली आणि मग वर आली. घाटाजवळच्या खानावळीत जेवायला बसलो. कृष्णाकाठची भरली वांगी आली, भाकरी आली, शेवटी दाट बासुंदी आली. आईची वाटी तशीच राहिली. हात धुतल्यावर तिने मला इंदूमावशीला फोन लावायला सांगितला. इंदूमावशी म्हणजे तिची बालमैत्रीण. ती शिरोळजवळ मळ्यात राहते. तिचा आवाज अख्ख्या खानावळीने ऐकला.

"नदीत मगर हाय म्हणून काय झालं? आमची हीर (विहीर) हाय की! मुक्कामालाच ये!"

रविवारी सकाळी आम्ही सगळे विहिरीच्या काठावर उभे होतो. आईने लुगड्याचा कासोटा घातला होता. मुलांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात तसला प्लास्टिकचा डबा मी पुढे केला.

"त्यो तुलाच बांध," इंदूमावशी म्हणाली. "पवता येत न्हाई ते तुला."

आई पायऱ्या उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मावशीकडे वळून हळूच म्हणाली, "न्हाई जमलं तर?"

"तर वर ये. चहा ठेवलाय."

आईने पायरी सोडली आणि ती दिसेनाशी झाली. माझ्या तोंडून हाक निघाली, वैशालीने माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीजवळ पांढरे डोके वर आले. आई हसत होती, मोठ्याने. तो आवाज विहिरीत घुमत वर आला. पोहण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुक्ताने मग वरूनच उडी ठोकली. दोघींनी मिळून पाणी पार ढवळून काढले. दमल्यावर आई डोळे मिटून पाण्यावर उताणी पडून राहिली.

वर आल्यावर लुगडे पिळता पिळता ती म्हणाली, "ह्यांना सांगायचं राहूनच गेलं बघ, मला पवता येतं म्हणून."

मावशीने तिच्या पाठीवर टॉवेल टाकला.

परतीच्या वाटेवर केस वाळावेत म्हणून आईने काच खाली केली. कायम अंबाड्यात पाहिलेले ते केस वाऱ्यावर उडत होते आणि ती मुक्ताला सूर कसा मारायचा ते समजावत होती. मी गाडी हळू चालवत ऐकत होतो. माझ्या जन्माआधीची ही मुलगी मला पहिल्यांदाच भेटत होती, आणि बाबांना ती कधीच भेटली नव्हती.

घरापाशी उतरलो तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या होत्या.

"काय वहिनी, देवाला गेलता वाटतं?"

"न्हाई," आई केस मागे सारत म्हणाली, "पवायला गेलते."