सीतादही म्हंजे माही बहीन

शीर्षक वाचून तुमी वाटी घेऊन बसले असान तं ती खाली ठेवा. इथं विरजन लावाची रीत नाई. कोनी म्हनीन, सीता हाय म्हंजे वनवासाची कथा असीन. तेबी नाई. सीतादही हे माह्या मोठ्या बहिनीचं नाव.

अर्थ सांगतो. आमच्या इकडं दिवाळीच्या आगंमागं कपाशी फुटते. पयली वेचनी कराच्या आधी वावरात पूजा करतात. चांगली फुटलेली एक पऱ्हाटी पाहून तिच्या बुडाशी दहीभात ठेवतात, झाडाले सूत गुंडाळतात, अन् मंगच कापसाले हात लावतात. त्या पूजेले सीतादही म्हनतात. काऊन सीता अन् काऊन दही, हे मी गावातल्या जोशाले विचारलं. तो म्हने, "तुह्या आज्यानं विचारलं होतं का कवा? मंग तुले काय घाई हाय?"

आता हे नाव पोरीले कसं लागलं ते. माय पूजेचा दहीभात डोक्यावर घेऊन वावरात गेली अन् धुऱ्यावरच, म्हंजे वावराच्या बांधावरच, तिचं पोट दुखाले लागलं. भात पऱ्हाटीपाशी ठेवाचीबी सवड भेटली नाई. पोरगी तिथंच झाली. बाच्या मनात एक नाव होतं, आत्याच्या मनात दुसरं. माय म्हने, वावरानं देली हाय, नाव वावराच्याच सनाचं राहीन.

अन् असं नाव ठेवनारे किती, म्हनान तं ऐका. मर्दुमशुमारीचा मुनशी, म्हंजे मानसं मोजनारा सरकारी मानूस, एक डाव आमच्या दारात आला. उर्दूत लिवे अन् नाकातून बोले. मी लहान होतो, पन त्या मुनशीचा आवाज मी अजूनबी काढतो. त्यानं नाव ऐकलं, लिवलं अन् वाचून दाखवलं, "सीता देवी."

माय म्हने, "देवी नाई जी, दही."

"बाई, दही कोई नाम होता है?"

"तुमाले लिवा म्हनलं, खा नाई म्हनलं."

मुनशीनं खोडून पुन्हा लिवलं. जाता जाता म्हने, पूरे ताल्लुके में यह एकच है. आमच्या संगतीनं त्याले 'एकच' म्हनाची सवय लागली होती.

तं ताल्लुक्यात एक. गावातले पोट्टे तिले पाहून "वाटी आना रे" म्हनत. त्यातला एक पोट्टा मीच होतो.

मी सात वर्सांचा असताना माय तापानं गेली. मंग बहिनीनंच मले वाढवलं, मारलंबी तिनंच. पुढं तिचं लग्न झालं ते पैनगंगेच्या पल्याड. अलीकडं निजामाचं राज, पलीकडं वऱ्हाड, इंग्रजाचं. लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव काढलं. चांगलं नाव होतं, दर तिसऱ्या घरात असते तसं. मी वाकून वाचलं. मंग कोनीतरी ताट उचललं अन् तांदूळ एक झाले. ताल्लुक्यात एक होती, आता एकबी नाई राह्यली.

घरात उरलो बा अन् मी. बा मानूस चांगला हाय, पन त्याचं बोलाचं राह्यूनच जाते. सकाळी निंगे, दिवे लागनीले येये, भाकर खाये, झोपे. मंग मीच घरात मानसं आनली. शाळेतून आलो का मास्तर होऊन माही हजेरी घेवो अन् मीच हाजिर म्हनो. पटवारी होऊन बैलाले दम देवो. गावात हे काढलं का लोक पोट धरून हासत. पन गावाले हासवून मानसाले घरीच या लागते.

एक डाव चुलीपाशी बसल्या बसल्या मायचा आवाज काढून पाह्यला. "दहीऽ, ये दहीऽ." चांगला निंगाला असं मले वाटलं. परसात बा दोर वळत होता. त्याचा हात थांबला. माह्याकडं पाह्यलंबी नाई. दोर तसाच टाकून वावराकडं गेला अन् त्या दिवशी जेवला नाई. मंग घरात तो आवाज मी काढला नाई.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीले बा म्हने, "जाय. आन तिले." वर्साचं बोलनं त्यानं एकाच वक्ती बोलून टाकलं. भाऊबीजेले बहिनीले आनाले जो जाते त्याले मुराळी म्हनतात. मी चौदा वर्सांचा मुराळी झालो. पयल्या दिवाळीले तिकडच्यांनी धाडलं नोतं. मले फक्त चार दिवस पाहिजे होते. घरात कोनी हाक मारावी अन् दुसऱ्या कोनी ओ द्यावी, एवढंच.

नदीच्या अल्याड करोडगिरीचा नाका हाय. मालावरचा महसूल तिथं घेतात. शिपाई खाटेवरूनच म्हने, "किधर रे?"

"सीतादही को लाने जा रा हूं."

"कितना दही?"

"एक."

"एक क्या, घडा?"

"बहन है साब."

तो उठून बसला. "नाम है यह? अरे सुनो, इसकी बहन का नाम सीतादही है." आतून दुसरा आला, त्याले पुन्हा सांगा लागलं. दोघंबी हासले, मीबी हासलो. "जाओ, बहन पे महसूल नई लगता." लय दिवसानं ते नाव कोनी मोठ्यानं घेतलं, शिपायानं का होईना. नदीत गुडघाभर पानी होतं. मी शिपायाच्या आवाजात ते नाव घेत घेत उतरलो.

बहिनीच्या सासूनं चांगलंच केलं. खाटेवर बसवलं, गूळपानी देलं. म्हने, "वेचनी सुरू हाय बाबू, पन मागच्या सालीबी आमी तिले धाडलं नोतं. उद्या सकाळी घेऊन जाय. चार दिवस. पाचव्या दिवशी आनून घाल."

मी लगेच हो म्हनलं. बहिनीनं गाठोडंबी बांधून ठेवलं.

तिनं मले भाकर वाढली. पदर नाकापावतर. सासरा ओसरीत बसला होता, म्हनून हळू बोले. "अजून घ्या," म्हने. माह्याच बहिनीनं मले 'घ्या' म्हनलं. मी हासून हळूच म्हनलं, "दही." तिनं भाकरीची टोपली उचलली अन् आत गेली. सासूनं ऐकलं होतं. म्हने, "ते नाव इथं नाई बाबू. इथं तिचं नाव हाय." अन् मंग त्या नव्या नावानं तिनं आवाज देला, अन् आतून "जी" आलं. लगेच आलं, जसं जनमाचंच नाव असावं.

दुपारभर मी मोजलं. त्या नावानं हाका पडत, अन् दरवेळी "जी." मी तिथं पावना होतो, ती तिथली सून होती, अन् ज्या पोरीले आनाले मी आलो ती त्या घरात नोतीच. असं वाटलं का नदी उतरून मी चुकीच्या दारात बसलो हावो.

तिसऱ्या पहारी मी घरामागं गेलो. तिथं तुराट्यांचं कूड होतं, त्याच्या पल्याड वावर. मी कुडाआड उभा राह्यलो अन् मायचा आवाज काढला. "दहीऽ, ये दहीऽ."

आत भांडं पडलं. मंग ती म्हने, "ओ माय," अन् धावत आली. डोक्यावर पदर नाई, हाताले पीठ, सासऱ्याच्या समोरून, ओसरी उतरून. कुडापाशी येऊन ती वावराकडं पाहाले लागली. मी तिच्या बाजूलेच होतो. मले तिनं पाह्यलंच नाई. वावराच्या वाटेनं कोनी येते का हे ती पाहत होती.

मंग तिले मी दिसलो.

सासूनं पयले सुनेले ओसरीतूनच डोकं झाकाले सांगितलं, मंग मले धरलं. "सनासुदीचं मेलेल्या बाईले दारात आनतं? चेष्टा कराले हेच घर भेटलं? माह्या पोरानं ऐकलं असतं तं तुही कानशिलं लाल केली असती. आता नाई धाडत. जाय तू आपल्या गावाले. बाप आला तं पाहू, तू नोको येऊ." सासरा उठून आत गेला, तेच जास्त लागलं.

बहीन मले गोठ्यापावतर सोडाले आली. तिनं पीठ पुसलं नोतं. मले वाटलं ती रडीन. तिनं माहा कान धरला.

"अक्कल हाय का तुले? चौदा वर्सांचा घोडा झाला. अन् माय मले दही कवा म्हने रे? सारं गाव म्हने, बा म्हने, तू म्हने. तिनं एक डाव तरी माहं नाव तोडलं का? वावराच्या त्या कोपऱ्यातून हाक मारली तरी पुरं घे. सीतादही. अन् 'ये' नाई म्हने, 'येजो वो' म्हने. इतकंबी याद नाई, अन् निंगाला मायचा आवाज काढाले."

मी म्हनलं, "मंग तू धावत काऊन आली?"

"चूप राय. वरतून तोंड चालवते." तिनं कान अजून पिळला, मंग सोडला. "गाठोडं सोडा लागीन आता मले. जाय, उजेड हाय तवर नदी उतर. अन् बाले सांगजो, ती निंगाली होती, मीच घान केली. असंच सांगजो. सासूचा आवाज काढून नोको, माहा काढून नोको. तुह्या सोताच्या तोंडानं सांगजो."