बाबांच्या डोक्यातली तार

बाबांनी निपाणीजवळच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. पुढे त्यांना कंपवात झाला. चहाचा कप ओठांपर्यंत नेता येईना, तेव्हा मी त्यांना बंगळूरला, राजाजीनगरात माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी मेंदूत बारीक तार बसवली आणि छातीत, कातडीखाली, तिची बॅटरी. हाताची थरथर बरीच थांबली.

मी प्रयोगशाळेत अशाच तारांवर लेप चढवते. मेंदूला धातू परका वाटतो, त्याच्याभोवती तो हळूहळू वणाचं आवरण घालतो. म्हणून आम्ही वीज वाहून नेणारं मऊ पॉलिमर घेतो, त्यात पेशींच्या ओळखीचं एक प्रथिन मिसळतो आणि त्याचा निळसर काळा थर धातूवर बसवतो.

बाबांनी एकदा विचारलं, "माझ्या डोक्यात तुझाच लेप आहे ना?"

"नाही बाबा. तुमची तार साधीच आहे. आमचं अजून काचेच्या बशीत चाललंय. माणसांपर्यंत यायला खूप वर्षं लागतील."

"सरी, बरं," म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढच्या वर्षी ते न्यूमोनियाने गेले. नर्सने कन्नडमध्ये विचारलं, दहन करणार का. मी हो म्हटलं.

"मग बॅटरी काढावी लागेल, अक्का. आगीत फुटते."

मला ते माहीत होतं. मी मान हलवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. समोर एक बाई डब्यातली इडली खात होती. मी तिच्याकडे बघत राहिले. बॅटरी काढली, तार आत तशीच राहिली.

गावाकडचं सगळं उरकून कामावर गेले, तर माझी पुण्याची सहकारी मला थेट सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेली. लेपाच्या तारेवर चेतापेशींनी फांद्या पसरून घट्ट पकड धरली होती. शेजारच्या कोऱ्या तारेवर जवळजवळ काहीच नव्हतं. याच्यासाठी आम्ही किती नमुने फेकून दिले होते.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"छान आलंय."

मी फोटो काढले. तिने कँटीनमधून म्हैसूरपाक आणला, तो खाल्ला. गोड होता. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

"घरी जातेस का?" तिने हळूच विचारलं.

"घरी जाऊन काय करू?"

ती स्टूल ओढून शेजारी बसली. आम्ही पुढच्या बशा बघायला घेतल्या.