परात वाजवली तेव्हा

मी भांडखोर आहे असं सासरचे म्हणायचे. आहेच मुळी. पण त्या सकाळी भांडले नसते, तर जन्मभर मला माझीच लाज वाटली असती.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. तिकडे पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला होता, आकुर्डी मात्र अजून ज्वारी-बाजरीतच होती. देवळामागच्या एका खोलीत मी बालवाडी चालवायचे. मुलांची समज वयाप्रमाणे वाढतेय की नाही, ते तपासायला पुण्याहून एक डॉक्टर आले. पुढच्या वर्षी शाळेत कुणाला घ्यायचं, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

मुलांत एक पाच वर्षांची पोर होती, तोंडातून शब्द न काढणारी. जीभ जड आहे म्हणून आई रोज वेखंड उगाळून लावायची. डॉक्टरांनी मणी दिले, तिनं सगळ्यांच्या आधी माळ ओवली. ठोकळे एकावर एक नीट रचले. "चेंडू आण" म्हटलं, तर ढिम्म. नाव विचारलं, तरी ढिम्म. मग डॉक्टर तिच्या पाठीमागे दारात गेले आणि टाळी वाजवली. पोरीनं मागं वळून पाहिलं.

"कान ठीक आहेत. बुद्धीच मंद आहे," असं म्हणून त्यांनी शेरा लिहायला घेतला, शाळेत घेऊ नये. कोपऱ्यात तिची आई उभी होती. ती नुसती म्हणाली, "व्हय, साहेब."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पोरीच्या समोर बसले होते, मला दिसलं होतं. दारातून ऊन येत होतं, डॉक्टरांची सावली तिच्या मांडीवरच्या मण्यांवर पडली, आणि मगच ती वळली. टाळी नंतर वाजली.

"परत वाजवा, साहेब. दारातून बाजूला होऊन."

"बाई, शिक्षण किती तुमचं?"

"सातवी पास. सावली कुठं पडते ते कळायला तेवढं पुरतं."

ते हलेनात. मग मीच उठले, मुलांच्या खाऊची पितळी परात घेतली, अंधाऱ्या बाजूनं पोरीच्या मागं गेले आणि उलथन्यानं ठाणकन वाजवली. सगळी पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. ही आपली मणी ओवत होती.

वर्षभर मी घंटा द्यायचे आणि ती इतरांकडे बघून उठायची, ओळीत बसायची. मी फसले, मग एका सकाळीपुरते आलेले डॉक्टर फसले यात नवल काय? पण माझी चूक कागदावर गेली नव्हती, त्यांची जाणार होती, म्हणून मी हटले नाही. लिहिलेलं खोडेपर्यंत त्यांच्या समोर परात घेऊन उभी राहिले. त्यांनी खोडलं. ससूनला कान तपासायची चिठ्ठी दिली आणि पेटी आवरली.

मी आईला म्हटलं, "पोर शहाणी आहे हो तुमची. तिला ऐकूच येत नाही."

मला वाटलं, बाई सुखावेल. ती पोरीसमोर येऊन बसली. पोरीचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघायला लागली.

"हाक मारली तरी येत न्हाई म्हून मी हिला रोज मारते, बाई," ती म्हणाली. "रोज."