माइकवर बोललेल्या खुर्च्या

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या उन्हाळ्यात, गावच्या अभ्यासिकेच्या वार्षिक सभेत, अहवाल वाचून झाल्यावर आणि चहा वाटायच्या आधी. वेळ मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर चहा सगळ्यांनी घेतला.

आमचं गाव तिवस्याजवळ. आत्या तिथल्या शाळेत पोषण आहार शिजवते, आणि तेव्हा ती अभ्यासिकेची खजिनदार होती. सभेच्या वर्षभर आधी, अभ्यासिकेच्या उद्घाटनाला, मी अमरावतीहून पत्रकं छापून नेली होती. मंडपात एकेक जण उठून माइक घेत होता. "माह्या बापाच्या नावानं दहा खुर्च्या!" टाळ्या. "माह्याकडून चार पंखे!" शाल, पुष्पगुच्छ, फोटो. आत्यानं अध्यक्षांना विचारलं, "भाऊ, पैसे तं आले नाईत. लिहू कुठं?"

"माइकवर बोलला म्हंजे आलाच समज. लिही जमेत."

तिनं लिहिलं. बोललेली रक्कम 'येणे' असते. पावती फाडली, पैसा हातात आला किंवा खात्यात पडला, की मग ती 'जमा'. यासाठी कॉमर्स शिकावं लागत नाही, वहीचं दुसरं पान उघडावं लागतं. तेवढं कुणी उघडू दिलं नाही.

खुर्च्या-पंखे उधारीवर आले. आत्या वर्षभर दारोदार फिरली. "पाहू ना बाई, आमी काय पळून चाललो?" हे प्रत्येक दारातलं उत्तर. मग दुकानदार बिल घेऊन आला आणि सभा भरली. वहीत पैसे होते, बँकेत नव्हते.

"मंग गेले कुठं, बाई?" अध्यक्ष.

"आलेच नाईत, भाऊ. तुमीच म्हनले होते..."

"म्या म्हनलं? सही कोनाची हाय?"

माइकवर दहा खुर्च्या बोललेला पुढच्याच रांगेत होता. "शाळेचा तांदूळ मोजू मोजू सवय लागली असन हाताले," तो म्हणाला. सभा हसली. चार पंखे बोललेला सगळ्यांत मोठ्यानं हसला. आत्यानं हातातली पिशवी टेबलावर उलटी केली. चष्मा, बीपीच्या गोळ्या, घराची किल्ली. एकानं किल्ली उचलली. "तिजोरीची का वो?" पुन्हा हशा.

मी उठलो. "ज्यायनं बोलून दिले नाईत, त्यायची नावं वाचा याच माइकवर."

"ओ पत्रकवाले, बसा खाली. मोठ्या मानसायची बेइज्जती करता का?" अध्यक्ष.

म्हणजे बेइज्जती कशाला म्हणतात हे त्यांना माहीत होतं.

आत्यानं कानातलं विकून बिल भागवलं. मंडळानं ते चोरीची कबुली म्हणून नोंदवलं आणि तिला खजिनदारपदावरून काढलं. खुर्च्यांच्या पाठीवर रंगवलंय: कालकथित वडिलांच्या स्मरणार्थ, मुलाकडून सप्रेम भेट. शाळेत आता तांदूळ काढताना एक शिक्षक तिच्या शेजारी उभा राहतो. आत्या माप मोठ्यानं मोजते. कुणी सांगितलं नाही तरी मोजते.

तुमच्याही नावाची खुर्ची, पंखा, फरशी कुठल्या तरी मंडळात असेल. तिची पावती आज शोधा. सापडली नाही तर पैसे भरा, आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगा: पैसे मी दिले नव्हते, खजिनदारानं चोरले नव्हते.