ड्रॅगन मेला त्या दुपारी

आठवीत मला एकच मैत्रीण होती. तिच्या वडिलांचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं आणि तिथे टीव्ही गेम विकायला असायचे. वर्गातल्या मुली म्हणायच्या, ही गेमसाठी त्या सिंधी मुलीच्या मागे लागते. म्हणू देत. डबा खायला यांच्यापैकी एकीने तरी मला कधी जवळ बोलावलं होतं का?

आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा फॅक्टरीत, आई मुंबईला बँकेत. घरी गेलं की कुलूप मीच उघडायचं, दूध मीच गरम करायचं आणि आईच्या चपलांचा आवाज जिन्यात येईपर्यंत भिंतींकडे बघत बसायचं. एकटं राहायची सवय होते असं मोठी माणसं म्हणतात. मला झाली नाही. म्हणून आईने एकदा, "जा तिच्याकडे हवं तर, पण दिवेलागणीच्या आत घरात पाहिजेस," असं म्हटल्यावर मी परत विचारायलासुद्धा थांबले नाही. शाळा सुटली की आम्ही दोघी रिक्षाने थेट कॅम्प दोन गाठायचो.

दुकान चिंचोळं होतं. पुढे काउंटर, मागे खोक्यांची थप्पी आणि एका स्टुलावर गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला टीव्ही. त्याच्यासमोर सतरंजी टाकून आम्ही खेळायला बसायचो. तिची आई वरच्या घरातून पाणी आणि भाजलेला पापड पाठवायची. त्यांच्याकडे पाहुण्याला तसंच देतात. पापडाचा चुरा लागलेले हात फ्रॉकला पुसून मी रिमोट हातात घ्यायचे. तिच्या वडिलांना, म्हणजे अंकलना, आमची अडचण व्हायची नाही. दोन पोरी आरडाओरडा करत खेळतायत म्हटल्यावर रस्त्यावरची माणसं आत डोकवायचीच, आणि ही जाहिरात फुकटात होती.

फक्त गिऱ्हाईक आलं की अंकल आमची कॅसेट उपटायचे आणि त्याला हवी ती लावून दाखवायचे. "चेक करके ले जाओ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचा खेळ कितीही रंगात आलेला असो, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. त्या यंत्रात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. गिऱ्हाईक गेलं की आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. त्यामुळे इतके महिने खेळूनही ड्रॅगनच्या किल्ल्यात आम्ही कधी शिरलोच नव्हतो.

आमचा गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. तिचा लाल योद्धा, माझा निळा जादूगार. पडद्यावरची अक्षरं जपानी असल्यामुळे गोष्ट आम्हीच रचली होती. तिच्या मते ड्रॅगनने राजकन्येला पळवलं होतं. माझ्या मते ती घरी कंटाळून आपणहून त्याच्याकडे राहायला गेली होती. "पागल है तू," ती म्हणायची.

त्या गेममध्ये दोघं टोकाला पोचल्याशिवाय पडदा पुढे सरकत नसे. मी खेळण्यात अगदीच ढ. दरीवरून उडी मारायची वेळ आली की माझा अंगठा हमखास चुकायचा. ती पलीकडे जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "आ ना यार, जल्दी!" पण थांबायची. तिला थांबावंच लागायचं. माझ्यासाठी कुणीतरी खोळंबलंय ही गोष्ट मला फार आवडायची.

आपले सगळे जीव संपले तर एक बटण दाबून जोडीदाराचा एक जीव घेता यायचा. न विचारताही घेता आला असता, पण आमच्यात विचारायची पद्धत होती. मी म्हणायचे, "घेऊ?" ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, "ले ले." कधी नाही म्हणाली नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही.

मग त्यांचं इंदूरला जायचं ठरलं. तिच्या काकांचा तिथे मोठा धंदा होता. तिने ही बातमी मला पापड खाता खाता सांगितली. घर केवढं आहे, वर गच्ची कशी आहे, सगळं हात पसरून सांगत होती. तिच्या आनंदाचा मला इतका राग आला की मी नुसतं "बरं" म्हटलं. तिला ते कळलं असावं. "जाने से पहले ड्रॅगन को मारेंगे," ती म्हणाली. "अपन दोनों. पक्का."

शेवटच्या रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, सुतळी आणि वर्तमानपत्रं जमिनीवर पसरली होती. फक्त टीव्ही बांधायचा राहिला होता. गिऱ्हाईक येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही खेळायला बसलो आणि पहिल्यांदाच कुणी कॅसेट उपटली नाही. जंगल गेलं, दरी गेली, बर्फ गेला. किल्ल्याचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच किंकाळी फोडली.

ड्रॅगनने अर्धा पडदा व्यापला होता. मी आत शिरले आणि मेले. पुन्हा मेले. सगळे जीव संपले. "घेऊ?" "ले ले." तोही गेला. "घेऊ?" "ले ले." तोही. आता तिच्याकडे हातातल्या जीवाशिवाय एकच उरला होता.

"घेऊ?"

"रुक."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "घेऊ ना?"

"रुक ना! मर जाएगी तू. मैं मारती हूँ."

माझा अंगठा बटणावर होता. दाबला असता तरी चाललं असतं, पण मी दाबला नाही. रिमोट मांडीवर ठेवला आणि बघत बसले. निळा जादूगार कुठेच नव्हता. ती दातांत जीभ धरून खेळत होती. एकदा मेली, शेवटच्या जीवावर उभी राहिली आणि ड्रॅगनला तिने खरोखरच मारलं. ढोल वाजले. लाल योद्धा एकटाच पायऱ्या चढून वर गेला.

तिने उडी मारून मला मिठी मारली. "मर गया! जीत गए अपन!" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "रडते काय तू? जिंकलो ना!"

जिन्यावरून अंकल उतरले. "हो गया, बेटा? चलो, टीवी बांध लेते हैं."

तिचं काही चुकलं नव्हतं. तो जीव मी पहिल्या फटक्यातच घालवला असता, मग तीही मेली असती, आणि आम्हाला सगळं पहिल्यापासून खेळावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत सहज चाललं असतं. मला तेवढंच हवं होतं.

"हो, जिंकलो," मी म्हटलं आणि टीव्हीच्या मागची वायर सोडवायला लागले.