पिला, आणि आप्पांचा आवाज

मी निघालो त्या दिवशी आप्पांनी रजा घेतली नाही. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांची पहिली पाळी होती. डबा उचलला, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता बदलापूर गावातल्या आमच्या घरातून बाहेर पडले. आई म्हणाली, "अहो, पोरगा एवढ्या लांब चाललाय!" आप्पा म्हणाले, "त्याला माझी जागा नको, मग मला त्याच्याशी बोलणं नको." कुंदे, तू माझी बॅग टांग्यात ठेवलीस आणि भोकाड पसरलंस. मला रडू आलं नाही. राग आला होता.

कुंदा म्हणजे माझी धाकटी बहीण. तीच मागे लागली, दादा, एकदा लिहून काढ. म्हणून हे तिच्यासाठी, आणि लास पाल्मासच्या मेसमध्ये माझ्याबरोबर करपलेली डाळ खाल्लेल्या पोरांसाठी.

चौऱ्याऐंशी साल असेल. आप्पांच्या कारखान्यात तेव्हा बापाने लवकर निवृत्ती घेतली की मुलाला त्याच्या जागी चिकटवायचे. आप्पांनी अर्ज लिहूनसुद्धा ठेवला होता. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या रेडिओच्या दुकानात सेल्समन होतो. शेठ एक दिवस म्हणाला, "साईं, मेरे साले की दुकान है, स्पेन के टापू पे. तीन साल का करार. जाएगा?" मी घरी न विचारता हो म्हणून मोकळा झालो. चुकलंच माझं. अर्ज फाडायची पाळी आप्पांवर आणली.

त्या टापूवर, लास पाल्मास शहरात, येऊन बघतो तर काय, रस्त्यात सिंध्यांची दुकानंच दुकानं. भाषेचा मात्र आनंद. शेठच्या साल्याने पहिल्या दिवशी मला एकच शब्द शिकवला, पिला. पिला म्हणजे सेल. टॉर्चचे, घड्याळाचे, ट्रान्झिस्टरचे. गिऱ्हाईक पिला म्हणालं की खण उघडायचा. आठ दिवसांत मी स्वतःला स्पॅनिशचा पंडित समजायला लागलो.

आमच्या मेसखाली, तळमजल्यावर, दोन्या पिनो राहायच्या. दोन्या म्हणजे आपलं बाई. एका दुपारी मी खुणेने पाणी मागितलं. बाई म्हणाल्या, पिलातून घे. मी शहाण्याने खिशातले दोन सेल काढून त्यांच्या हातावर ठेवले! बाई पोट धरधरून हसल्या. "आय, मि निन्यो," म्हणजे अरे माझ्या बाळा, असं म्हणत मला दंडाला धरून अंगणात नेलं. तिथे लाकडी चौकटीत एक खोलगट दगड बसवलेला, त्याला नेचे फुटलेले, आणि त्यातून थेंब थेंब पाणी झिरपून खालच्या मडक्यात पडतंय. तो दगड म्हणजे पिला. शेजारी कपडे धुवायची दगडी कुंडी होती, तीही पिला. मी वय विचारलं तर म्हणाल्या, वर्षांची पिला झाली. म्हणजे ढीग. एका शब्दाच्या पोटी किती पोरं, मी तर थक्कच झालो.

हे सगळं मी कॅसेटमध्ये भरायचो. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून आमची पत्रं कॅसेटवर. कुणी रजेवर उल्हासनगरला निघालं की त्याच्या हाती द्यायची, तो येताना तिकडची घेऊन यायचा. आता आईला काय सांगणार? बारा तास उभं राहून पाय सुजतात हे? त्यापेक्षा पिला बरा. उलट टपाली आई बोलायची, कुंदा बोलायची. आप्पांचा नुसता खोकला ऐकू यायचा, मागे कुठेतरी. दीड वर्ष मी त्या खोकल्यावर काढलं. एकदा कुंदा कुजबुजली, "दादा, तुझी कॅसेट लावली की आप्पा ओट्यावर जाऊन बसतात. पण आवाज बारीक केला की तिथून ओरडतात, मोठा करा, शेजाऱ्यांना ऐकायचंय!"

मग माझ्या कागदपत्रांचं काम निघालं. कारकुनाने विचारलं, "नोंब्रे दे पिला?" मला वाटलं, सेलचं नाव विचारतोय. परत आल्यावर दोन्या पिनोंनी समजावलं. चर्चमध्ये दगडी पात्र असतं, त्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घालून नाव ठेवतात. म्हणून माणसाचं स्वतःचं नाव ते पिलाचं नाव. तुझं कुणी ठेवलं? मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्यात पाणी नाही घालत, माझं नाव वडिलांनी ठेवलं. बाईंनी विचारलं, आणि वडिलांचं?

मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून कधी विचारलं नव्हतं. त्या कॅसेटमध्ये मी पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोललो. "आप्पा, बाई विचारतायत, तुमचं नाव कुणी ठेवलं?"

तीन महिन्यांनी कॅसेट आली. सुरुवातीला कुंदा चिडलेली. मी इथून सेल पाठवले होते, ते आप्पांनी घालू दिले नव्हते. त्याचे सेल नकोत म्हणे. घरचेच जुने सेल तीन दिवस कौलांवर उन्हात वाळवून घातले. मरतुकडे सेल. तिकडे टेप रखडत फिरली, इकडे मेसच्या मशीनवर भरभर वाजली, आणि आमच्या आप्पांचा भारदस्त आवाज चिमणीसारखा चिवचिवत बाहेर आला. पोरं लोळून हसली. मग एकेक जण मशीनजवळ सरकला.

"मिलिंद, गौतम हे नाव माझं मी ठेवलं. आईबापानं कचरू ठेवलं व्हतं. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून कचरू. दीक्षा घेतली तेव्हा म्हटलं, आता कचरू नको. बाप म्हणाला, आम्ही दिलेलं टाकतोस? दोन वर्सं बोलला नाही माझ्याशी. तसाच गेला." मग तोच खोकला. "मी बापाचंच केलं तुझ्याशी. नको व्हतं करायला. तुला माझी जागा नको, बरं, नको. पण कॅसेट पाठवीत जा. आणि त्या शब्दातनं अजून काय निघालं का?"

मी ढसाढसा रडलो, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

पुढे रजेवर गेलो, बदलापूरलाच लग्न केलं, बायकोला इकडे आणलं. नव्वदनंतर आम्हाला मुलगी झाली. आप्पांनी स्टेशनजवळच्या पीसीओवर फोन घेतला. मी म्हटलं, आप्पा, नाव तुम्ही सांगा. ते म्हणाले, "ठेव तुला आवडंल ते. मोठी झाली की ती बदलंल, नायतर देश बदलंल, नायतर आणखी काय. तुला राग येणारच. राग कर. पण बोलणं सोडू नको."

आप्पा आता नाहीत. माझी मुलगी गेल्या वर्षी नोकरीसाठी दूर थंड देशात गेली, मला न विचारता. तिकीट काढल्यावर सांगितलं. मी असा भडकलो की बायको म्हणाली, अगदी आप्पांवर गेलात. एक दिवस मी तोंड फिरवून बसलो. घर कुठलं विचारलं तर मी अजून बदलापूर गाव सांगतो, कागदावर लास पाल्मास आहे, आणि पोरगी तिसरीकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. "बाबा, अजून रागावलायत?" तिने विचारलं. म्हटलं, "हो. जेवलीस का?"